सहावा चौकोन

झरी गावात बिरदेवअप्पा दर रविवारी आपल्या पाच कोकरांना एकेक करून झोळीत घालायचे, झोळी काट्याला टांगायचे आणि आलेलं वजन लेकीला फोनवर सांगायचे. परभणीच्या कॉलेजात शिवकन्येचा प्रबंध त्याच आकड्यांवर चालला होता.

आज रविवारी, अप्पांचा फोन यायच्या आधीच, तिने संगणकाला सांगून पाचही कोकरांचे आलेख एकाच पानावर मांडले. वर तीन, खाली दोन. सहावा चौकोन रिकामा राहायला हवा होता, पण त्यातही एक रेघ चढत गेली होती.

तिने कोड तपासला. आकडे पाचांचेच होते. पान पुसून पुन्हा काढलं, तरी रेघ आपली जागच्या जागी! आता काही तिला राहवेना. बाकीच्या रेघा गेल्या रविवारी थांबल्या होत्या. ही आजच्या तारखेपर्यंत आली होती. साडेअकरा किलो.

तिने फोन लावला. "अप्पा, कोकरं किती हायती आपली?"

"पाचच की. आत्ताच वजनं झाली. पर काटा बिघडलाय बग."

"काय झालं?"

"समदी सोडली, तरी साडेअकरा दाखवायलाय." अप्पांचा आवाज उतरला. "झोळी रिकामी हाय, माय. पर आतून कायतरी पाय झाडायलंय."