परत आलेली भेट

विमान उतरलं आणि पंखाखालचे दोन्ही बॉम्ब जसेच्या तसे लटकलेले पाहून उस्तादांचं डोकं फिरलं.

बॉम्ब चढवणाऱ्या टोळीचे ते प्रमुख. चौघांनी सकाळभर घाम गाळून चढवलेलं ओझं आता पुन्हा सुरक्षेच्या पिना लावून, ट्रॉलीवर उतरवून कोठारात न्यायचं होतं. चढवणाऱ्यानं बॉम्बवर खडूनं काहीतरी लिहायचं, अशी तिथली जुनी रीत. उस्तादांनी लिहिलं होतं, 'सप्रेम भेट, धाकट्याकडून.' त्यांचा धाकटा आघाडीवर होता. तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. त्याच्या वतीनं शत्रूला आपण एवढं तरी पाठवावं, असं त्यांना वाटलं होतं. आणि ही भेट पत्ता न सापडलेल्या पार्सलासारखी परत आली होती.

वैमानिक बाई शिडीवरून उतरल्या. वयानं उस्तादांच्या थोरलीएवढ्या. जागा सापडली नाही का, असं उस्तादांनी तोंडावरच विचारलं.

सापडली होती. आघाडीवरून आलेले जागेचे आकडे एका टेकडीवरच्या घराचे होते, आणि बाई नेमक्या तिथंच पोचल्या होत्या. एखादं वेगवान विमान बॉम्ब टाकून केव्हाच मोकळं झालं असतं. पण ही पडली म्हैस. तळावरची पोरं या विमानाला म्हैसच म्हणत; अंगावर जाड चिलखत आणि चाल संथ. संथ म्हणूनच बाईंनी खाली येऊन एक घिरटी जास्त घातली, आणि छपरावर पसरलेलं नारिंगी कापड त्यांना दिसलं. ती आपल्याच माणसांची खूण होती. नवे आकडे येईपर्यंत इंधन सरत आलं, आणि पुढचं काम मागून आलेल्या विमानानं केलं.

"आकडे देणारं ते यंत्र असतं ना, काका," बाई म्हणाल्या, "त्याची बॅटरी बदलली की ते आधी स्वतःचीच जागा दाखवतं. घाईत कुणीतरी तेच आकडे पाठवले."

"कोण तो दीडशहाणा?" उस्ताद म्हणाले. असल्यांच्या हातात यंत्र नव्हे, झाडू द्यावा, यांच्यापायी आमच्या कंबरा मोडतात, असं आणखीही बरंच बोलले. बाई हसल्या आणि हात धुवायला गेल्या.

बॉम्ब उतरवून उस्ताद खोलीत आले, तर कपाटातला फोन वाजत होता. धाकट्याचा आवाज ऐकून त्यांना भरून आलं. पण पोरगा नीट बोलेना. मग एका दमात बोलला.

"बाबा, बॅटरी मी बदलली होती. अकरा जण होतो आम्ही. विमान डोक्यावर आलं, पंखाखालचे बॉम्ब दिसले, आणि ते तसंच निघून गेलं."

 फोन बंद झाल्यावर उस्ताद ट्रॉलीपाशी गेले आणि खडूची अक्षरं बाहीनं पुसून काढली. एकदा पुसून समाधान होईना, म्हणून पुन्हा पुसली.

जेवणघरात बाई एकट्याच बसल्या होत्या. काय काय बोलायचं ते उस्तादांनी वाटेत जुळवलं होतं. जन्मभर फेडले तरी फिटणार नाहीत असे उपकार होते. समोर गेल्यावर त्यांनी नुसते हात जोडले.

"मॅडम, तो दीडशहाणा माझाच," ते म्हणाले. "शंका आली की खुशाल परत आणत जा. उतरवायला मी आहे."