ताईचा आवाज

"परत एकदा घेऊ," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आणि जरा पाणी प्या. घसा धरलाय तुमचा."

धाकटी पाणी प्यायली. घसा धरला नव्हता. घशात थोरली बहीण अडकली होती.

कागदावर एवढंच होतं : 'आजी, दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली. मी आहे ना, सावकाश घ्या.' गोळ्यांची वेळ सांगणारी एक डबी बाजारात येणार होती. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ती बोलणार, आणि बोलणार धाकटीच्या आवाजात. आवाजाच्या धंद्यातलं तिचं हे पहिलंवहिलं काम.

आठ दिवस ती ताईसारखं बोलायचा सराव करत होती. वाक्याच्या शेवटी ताई आवाज हलकेच खाली ठेवते, झोपलेलं मूल ठेवावं तसा. धाकटीचा धपकन पडायचा.

"छान आहे," निर्मात्या बाई म्हणाल्या. "पण तुम्ही वाचताय, बोलत नाही आहात. तुम्ही पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये होतं ना, तसं हवं."

तसं कुठून आणणार? ते रेकॉर्डिंग ताईचं होतं.

ताईच्या नावानं पाठवायचं म्हणून दोघींनी ते घरच्या कपाटात केलं होतं. लोंबत्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही, हे धाकटीनंच कुठंतरी वाचलेलं. पडदे शिवायचं मशीन थांबवून ताई आली आणि कोटांत डोकं खुपसून उभी राहिली. "कोंबडीसारखं कोंडलंयस मला," म्हणून हसली, मग वाचायला लागली. उन्हात वाळवलेल्या पांघरुणासारखा तो आवाज. फोन धरून उभ्या असलेल्या धाकटीचे स्वतःचे तीन नमुने तोवर तीन ठिकाणांहून परत आले होते. ताईचं वाचून व्हायच्या आतच तिच्या मनानं घेतलं. संध्याकाळी अर्ज भरताना तिनं नाव घातलं ते स्वतःचं.

तेव्हापासून ताई मशीनवरची मान वर न करता रोज विचारायची, "काही कळवलं का गं त्यांनी?"

"नाही गं अजून."

"नसेल आवडलं. माझं मेलीचं वाचणं म्हणजे पडद्याची मापं सांगितल्यासारखं." आणि दातानं दोरा तोडायची.

आज सकाळीही विचारून झालं. वर म्हणाली, "तुझी मुलाखत आहे ना कसली? माझा निळा स्वेटर घालून जा. तुला खुलतो."

स्वेटर ताईचा, आवाज ताईचा. आपलं म्हणून या खोलीत आपण आणलंय तरी काय?

अकराव्या खेपेला 'मी आहे ना'पाशी शब्दच फुटेना. धाकटीनं हेडफोन काढून ठेवले.

"बाई, मला माफ करा. तो आवाज माझा नाही, माझ्या ताईचा आहे. तिला न सांगता मी माझं नाव घातलं. हे काम तिचं आहे. मी आत्ता जाते आणि तिला घेऊन येते."

बोलून टाकलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. घरी जायचं, ताईला सगळं सांगायचं, रागावली तर रागावू द्यायचं, आणि हाताला धरून तिला या माइकपुढं आणून बसवायचं. मग मान वर करता येईल.

बाईंनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. मग दार ढकलून त्या आत आल्या, शेजारी बसल्या.

"अहो, वाचणारी दुसरी कुणीतरी आहे, ते आम्हाला तेव्हाच कळलं. चांगलं वाचतात त्या. पण तसं वाचणाऱ्या चाळीस जणी आल्या होत्या. त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी वगळलं."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"वाचून झाल्यावर फोन बंद करायचा राहिला होता. शेवटी तुम्ही दोघी काही बोललात. त्यातला दुसरा आवाज आम्हाला हवाय. तुम्ही फोनवर बोललात तेव्हाच ओळखलं, ती तुम्हीच." बाईंनी काचेकडे मान वळवली. "लाव रे तेवढं शेवटचं. यांचं यांनाच ऐकू दे, ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो कसा."

हँगर एकमेकांवर आपटले. कपाटाचं दार करकरलं. मग स्पीकरमधून धाकटीचा स्वतःचा आवाज आला, मऊ, मायेचा, कुठंही न अडखळणारा :

"तू निर्धास्त राहा गं ताई. पाठवायचं माझ्यावर सोड. तुझं काम झालंच म्हणून समज."