टर्नअराउंड टाइम : सात दिवस

पेणच्या लॅबमध्ये फैजलने काउंटरवर पावती ठेवली आणि तिच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. ‘टर्नअराउंड टाइम : ७ दिवस.’

“मागच्या सोमवारी अब्बांच्या गाठीचा तुकडा काढला. आज सोमवार. सात झाले, ताई.”

काउंटरवरच्या मृणालीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “तुकडा मुंबईला पोचला गुरुवारी, दादा. दिवस तिथून धरतात. रविवार मोजत नाय. रिपोर्ट शुक्रवारी येईल.”

‘टर्नअराउंड टाइम’ हा शब्द फैजलला नवा नव्हता. आखातातल्या एका विमानतळावर तो सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. तिथे विमान थांबून चाकांना ठोकळे लागले, की त्या क्षणापासून टर्नअराउंड टाइम सुरू. ते पुन्हा सुटेपर्यंत मिनिट इकडचं तिकडे होत नाही. त्याच सवयीने त्याने तुकडा काढल्या दिवसापासून सात मोजले आणि परतीचं तिकीट आठव्या दिवसाचं काढलं. रजा मोठ्या मिनतवारीने मिळालेली, ती वाढणार नव्हती. इतका मोजूनमापून वागणारा माणूस, आणि मोजायची सुरुवातच चुकली.

“उद्या दुपारी माझं विमान हाय,” तो म्हणाला. “गाठ कसली ते कळल्याबिगर जाऊ कसा मी?”

मृणालीला वाईट वाटलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. “आला की लगेच तुमच्या मोबाइलवर पाठवते. तुम्हाला तिथं बसल्या जागी दिसेल.”

दुसरा इलाजच नव्हता. फैजल आपला तिकडचा नंबर सांगू लागला, ती पावतीच्या मागे लिहून घेऊ लागली.

बाकावर त्याचे वडील, नूरमहंमद, बसले होते. मानेला पट्टी होती. ते उठून काउंटरपाशी आले.

“तो नंबर खोड गो पोरी. माझा लिही.”

“अब्बा, तुम्हाला इंग्रजी कुठं वाचता येतं?”

“घेईन कुणाकडनं तरी वाचून. हितं तुझी अम्मी हाय, सगळा मोहल्ला हाय.” त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “तिकडं खोलीवर तू एकटा असतोस.”