शंभरपैकी ब्याण्णव

वाइनच्या जुन्या पिंपात मुरवलेली ती महागडी राय व्हिस्की मी मेहुण्यासमोर उघडली, एकच घोट चाखला आणि लेबलावर पेन्सिलीने खूण करून बाटली कपाटात ठेवून दिली. आमच्या व्हिस्कीच्या ग्रुपचा नियमच आहे तसा. उघडल्या दिवशी एकदा चाखायची, पंधरा दिवसांनी पुन्हा चाखायची आणि मगच गुण द्यायचे.

पंधरा दिवसांनी बघतो तर व्हिस्की खुणेच्या चांगली चार बोटं खाली! मधल्या काळात मेहुणा दोनदा येऊन गेला होता. मी फोन करून त्याला नाही नाही ते बोललो आणि बायकोने माझ्याशी अबोला धरला. आईला तर त्या बाटलीच्या नुसत्या वासानेच डोकं उठतं. तीही म्हणाली, "असल्या घाणीपायी नाती कशाला तोडतोस? जाऊ दे की."

शेवटी उरलेल्यातला एक घोट घेऊन मी अभिप्राय लिहिला. ग्रुपवर टाकायच्या आधी नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवला. "जिभेवर आधी मध, मग मिरीचा झणका, शेवटी जळक्या लाकडाची ऊब. शंभरपैकी ब्याण्णव."

आईने शब्दकोड्यातून मान वर केली नाही.



"ब्याण्णव फार होतात रे. मिरी लागत होती ती पहिले चार दिवस."