नावं न ठेवणारा मिस्त्री

या, अशा जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका. गोष्ट लहान आहे, पण कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

तिसरा कंत्राटदार न्हाणीघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं मगभर पाणी जमिनीवर ओतलं. ते कुठे जातं ते पाहिलं आणि मान हलवली.

"कोणत्या गाढवानं केलंय हो हे काम, साहेब?"

घरमालक गालातल्या गालात हसला. त्यानं चहाचं काही विचारलं नाही, तेव्हाच बायकोनं ओळखलं, हाही गेला.

"उतारच उलटा आहे," कंत्राटदार सांगत होता. "सगळं उखडावं लागेल. नवा उतार काढीन, तुमच्यासमोर पाणी ओतून दाखवीन, मगच फरशी लावीन."

"कळवतो," घरमालक म्हणाला आणि त्याच्या पाठीवर दार लावून घेतलं.

घरात सगळे या घरमालकाला पारखी म्हणत. बायको ते जरा तोंड वाकडं करून म्हणायची, पण त्याच्या ते कधी लक्षात आलं नाही. एका कंपनीत नोकरीसाठी माणसं निवडायचं काम त्याच्याकडे होतं. येईल त्याला तो एकच विचारायचा, "आधीचे साहेब कसे होते?" साहेबाला नावं ठेवणारा त्याच पावली परत जाई. देवावर नसेल इतका भरवसा त्याचा या प्रश्नावर होता.

आणि हे कंत्राटदार! एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. पहिला म्हणाला, "ही फरशी लावलीय की लांबून फेकलीय?" दुसरा नुसताच हसत सुटला. तिसऱ्यानं तर गाढवच काढलं.

"अहो, पण खरं तेच बोलतायत ना," बायको म्हणाली. "पाणी जाळीकडे जायचं सोडून पायाशी तळं करतं. आई त्यातच पडल्या."

"तो मुद्दाच नाही. आज त्याला शिव्या घालतात, उद्या आपल्याला घालतील. जमातच तसली. सगळे भामटे!"

बाहेरच्या खोलीत आई कॉटवर बसून ऐकत होती. खुब्याचं हाड नुकतंच जुळलं होतं. पुन्हा पडल्या तर उठणं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सून ओल्या फडक्यानं अंग पुसून द्यायची, तेव्हा म्हातारी लाजेनं भिंतीकडे तोंड करून बसायची.

"बाळा, कुणीही आण रे," ती म्हणाली. "एकदा माझ्या हातानं डोक्यावरून पाणी घेऊ दे."

"कुणीही कसा आणू? माणूस पारखून घ्यावा लागतो, आई."

चौथा आला तो उंबऱ्याबाहेरच थबकला. घराकडे वर-खाली बघत राहिला.

"घर तुम्हीच बांधलेलं?"

"नाही, दोन वर्षांपूर्वी विकत घेतलं."

"आधीची माणसं येतात-जातात का कधी?"

"छे! ती परदेशी गेली. ओळखसुद्धा नाही."

"बरं झालं. वास्तू लाभली तुम्हाला," म्हणत त्यानं चपला काढल्या आणि आत आला.

न्हाणीघरात तो वाकला. फरशीवरून हात फिरवला. पारखी श्वास रोखून वाट बघत होता. चौथा काहीच बोलेना, तेव्हा त्यानंच टोचलं, "काय, आधीच्यानं वाट लावलीय ना?"

"असं कसं म्हणू, साहेब? ज्यानं केलं त्यानं आपल्या परीनं चांगलंच केलं असेल. त्याचीही काही अडचण असेल. कुणाच्या हाताला नावं ठेवू नयेत."

पारख्याचे डोळे पाणावले. त्यानं स्वतः आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पाण्याची मुख्य चावी कपाटामागे दडलेली. घर घेतल्यावर ती शोधताना पारख्याचा जीव मेटाकुटीला आला होता. मिस्त्रीनं न विचारता कपाटामागे हात घातला आणि पाणी बंद केलं.

"बघ," पारखी बायकोला म्हणाला, "याला म्हणतात अनुभव!"

बायकोनं एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे.

शेवटची फरशी उरली तेव्हा मिस्त्रीनं देवाचं नाव घेतलं आणि तिच्याखालच्या सिमेंटच्या ओल्या मालात आपला उजवा पंजा टेकवला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं.

"मशीननं प्रसाद घेतला," तो हसून म्हणाला. "माझी रीतच आहे ही. जिथं काम केलं, तिथं हात ठेवून जायचं. वर फरशी बसते. कुणाला दिसत नाही, पण देवाला दिसतं."

"पाणी ओतून बघायचं का?" बायकोनं विचारलं.

"आत्ता नको, वहिनी. ओलं आहे. उद्या बिनघोर वापरा."

"माणसावर विश्वास ठेवायला शीक जरा," पारखी तिच्यावर खेकसला.

सकाळी आई काठी टेकत न्हाणीघराकडे निघाली. सून मागोमाग गेली, तर म्हातारी कित्येक दिवसांनी हसली. "आता एकटीला जाऊ दे गं, बाई."

पारखी अंगणात राडारोड्याची पोती फाटकाकडे ओढत होता. एक पोतं फाटलं आणि जुन्या मालाचा मोठा तुकडा त्याच्या पायाशी पडला. वरची फरशी निघून गेली होती. मालात एक पंजा उमटला होता. पारखी खाली वाकला. करंगळी होती, तिच्या शेजारचं होतं, मधलं होतं, अंगठा होता. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यावरच थांबलं होतं.

आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

तर मंडळी, आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा. कडी तिनं आतून लावली आहे.