'आपण' आणि 'तू'

सर्व्हर बसला आणि सकाळपासूनचं बत्तिसावं गिऱ्हाईक अर्ध्या शिवीवरच तुटलं. सूनबाईंनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. वॉशिंग मशीनच्या कंपनीसाठी फोनवरच्या तक्रारी ती घरूनच ऐकायची. बेडरूमच्या कोपऱ्यात तिचं टेबल, आणि मागे पलंगावर सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. 'अर्धा तास तरी लागेल,' असा स्क्रीनवर निरोप आला.

अर्धा तास! देवापाशी दोन घटका शांत बसायचं तिच्या मनात कधीचं होतं. त्यासाठी फोनवर तीन ॲप घेऊन ठेवली होती. पहिल्याने पासवर्ड मागितला. दुसऱ्याने सांगितलं की तुमची शांतता अकरा दिवसांपूर्वी खंडित झाली आहे. तिसऱ्याला, ती कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढे जाताच येईना. तिने फोन उपडा टाकला.

"अगं, नुसतीच बस की," सासूबाई म्हणाल्या. "तिथे काय टोकन लागतं?"

तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. हात जोडले, डोळे मिटले. लहानपणी देवाशी तिची अखंड टकळी चालायची. आता सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. सांगायचं तर पोटात खूप होतं. परवा लेक म्हणाली होती, "आई, माझ्याशी कस्टमरसारखं नको ना बोलूस." ते फार लागलं होतं. आपल्याकडे आता हा एकच आवाज उरलाय की काय, अशी तिला धास्तीच बसली होती. तिने दीर्घ श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आतून घडाघडा बाहेर पडलं,

"नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?"

सासूबाईंचा हात टॉवेलवर थांबला. मग पलंग गदगदा हलायला लागला.

"बरं झालं, विचारलंस!" त्या कशाबशा म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला कोण विचारतंय!"

तीही हसली. पोट दुखेपर्यंत हसली. डोळे पुसून पुन्हा हात जोडले.

"माफ करा हं, आपला वेळ..."

"अगं बाई! देवाला कुणी 'आपण' म्हणतं का?" सासूबाईंनी टॉवेल झटकला. "'आपण' म्हणायचं ते गिऱ्हाइकाला, नाहीतर व्याह्यांना. देवाला 'तू' म्हणावं."

बरोबर होतं. एवढी साधी गोष्ट ती विसरून बसली होती. तिने पुन्हा डोळे मिटले.

"तू... आहेस ना?"

उत्तर आलं नाही. पण थांबा म्हणणारी धून वाजली नाही, आणि रांगेत तुमचा नंबर अमुक, असंही कुणी सांगितलं नाही. फक्त मागे कपड्यांची सळसळ चालू होती.

"मी दमलेय रे," ती म्हणाली. "फार दमलेय."

आवाज जरा घोगरा निघाला, शेवटी फुटलासुद्धा. अशा आवाजासाठी ऑफिसने तिला समज दिली असती. पण तिने तो लगेच ओळखला. तो तिचा होता, होता तसाच होता. उरावरचा धोंडा उतरल्यासारखं तिला मोकळं वाटलं. मग बोलणं आपोआप सुरू झालं: न लागणारी झोप, लेकीवरची चिडचिड, गुडघा, सगळं. अधूनमधून ती नुसतीच गप्प बसत होती, आणि तेही चालत होतं.

टेबलावर टुंग वाजलं. सर्व्हर सुरू झाला होता. तिने नाक पुसलं, खुर्ची फिरवली आणि हेडफोन चढवला.

"झालं का बोलून?" सासूबाईंनी मोज्याचा जोड शोधता शोधता विचारलं.

"कुठलं! होल्डवर ठेवलंय त्याला."

"ठेव खुशाल," सासूबाई म्हणाल्या. "तो काही फोन ठेवत नाही."