तिखट उडत का नाही

अनुसयाने फळ्याशेजारी किटलीचा तक्ता टांगला. वर्गाच्या मागच्या खुर्चीवर धुळ्याहून आलेले परीक्षक बसले होते. अध्यापिका होण्याआधीचा हा तिचा परीक्षेचा शेवटचा पाठ होता. मागच्या साली एकदा ती त्यात नापास झाली होती. आता झाली, तर नंदुरबार सोडून तापीकाठच्या सासरी परत जायचं होतं. विधवा सुनेला शिकायला पाठवलं म्हणून सासरे रूपचंदभाई आधीच गावाचं खूप ऐकून घेत होते.

विषय होता पाण्याची वाफ. तिने पाठाच्या टाचणात लिहिल्याप्रमाणे सुरुवात केली. ओलं लुगडं दोरीवर वाळतं, ते पाणी कुठे जातं? एकही हात वर झाला नाही. तक्त्यावरच्या किटलीकडे बोट दाखवून तिने पुन्हा विचारलं. मुलींनी किटलीकडे पाहिलं आणि मग परीक्षकांकडे.

तिने टाचण बाजूला ठेवलं.

"पथारीवर कोणाची आई जाते?"

अर्ध्याहून जास्त हात वर झाले. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घालतात, त्या पथारीवर या मुलींच्या आया दिवसभर वाकून काम करायच्या. मिरची ओली असते तेव्हा पोतं उचलवत नाही आणि वाळली की डोक्यावर सहज घेता येतं, हे मुलींनीच सांगितलं. मग त्यातलं पाणी गेलं कुठे? उन्हानं उडालं. वर्ग बोलायला लागला. अनुसयाचा आवाज स्थिरावला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली जसोदा उभी राहिली.

"बाई, मिरचीमाइन पानी उडी जास, मंग तिखट काबरं उडत नही? मन्ही माय वाळेल मिरच्या खुडस, तिन्हा हात तर जास्तीज जळतस."

तिखट का उडत नाही, हे टाचणात कुठेच नव्हतं. लहानपणी असं काही विचारलं की गुरुजी म्हणायचे, "खाली बस, पुढे येईल." पुढे कधीच आलं नाही. तेच शब्द आता तिच्या जिभेवर होते. म्हटले असते तर जसोदा मुकाट्याने बसली असती आणि पाठ वेळेत संपला असता.

जसोदा उभीच होती.

"माले बी माहीत नही," अनुसया म्हणाली.

मागे खुर्ची करकरली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंना माहीत नाही, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"मग आपल्याला कसं कळेल?" तिने विचारलं.

कोणी म्हणालं मिरची हुंगून बघू, कोणी म्हणालं उन्हात ठेवू. जसोदा मात्र विचार करत होती. "मिरच्या उकळूत. झाकनले जे पानी लागई, ते चाखूत."

शिपाई सुकराम व्हरांड्यात चहासाठी शेगडी पेटवत होता. त्याच्याच पातेल्यात पाणी आणि मुलींच्या भाकरीसोबतच्या चार वाळक्या मिरच्या पडल्या. त्याचा चहा राहिला, पण त्याने तक्रार केली नाही. उलट फुंकणीने निखारे फुलवले. मुली शेगडीभोवती उकिडव्या बसल्या. परीक्षक दारात येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे बघायचं अनुसयाने मुद्दाम टाळलं.

पाणी हळूहळू तापलं. शिंतोडे झाकणाला लागू नयेत म्हणून उकळी जोरात येऊ न देता तिने झाकण ठेवलं आणि थोड्या वेळाने फडक्याने धरून उचललं. आतून थेंब लोंबत होते. त्यांकडे सगळ्या बघत राहिल्या, पण पुढे कोणीच होईना.

अनुसयाने एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. मग झाकण जसोदापुढे धरलं.

जसोदाने चाखलं. कपाळावरची आठी गेली.

"नुसतं पानी शे."

मग सगळ्यांनाच चाखायचं होतं. कोणी पातेल्यातलं लाल पाणी चाखलं आणि हाहू करत तोंडावर हात मारला. त्या हसण्यात परीक्षक पुढे आले. त्यांनी झाकणाच्या कडेचा एक थेंब करंगळीवर घेतला, चाखला आणि रुमालाने बोट पुसलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांनी अनुसयाला वर्गात बोलावलं.

"तक्ता तुम्ही वापरला नाहीत."

"नाही सर."

"फळ्यावर निष्कर्ष नाही. घरचा अभ्यास दिला नाहीत. विद्यार्थिनींसमोर आपलं अज्ञान कबूल केलंत, तेही बोलीत."

"हो सर."

"याचे गुण मला कापावे लागतील."

तिने मान हलवली. रूपचंदभाईंना काय सांगायचं, ते ती मनात जुळवू लागली.

परीक्षकांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "कापले आहेत. तरी तुम्ही पास आहात. काठावर." ते दाराकडे निघाले आणि थांबले. "खोटं उत्तर द्यायला तुम्हाला काय जड होतं? तिने ऐकलं असतं."

"ऐकलं असतं," अनुसया म्हणाली. "पण मग पुन्हा विचारलं नसतं."

ते बाहेर पडले. मधल्या सुट्टीची घंटा कधीच झाली होती. अनुसया त्यांच्यामागून बाहेर आली. पटांगण रिकामं होतं. सगळ्या मुली अजून शेगडीपाशीच होत्या. सुकरामच्या हातात मिठाचा डबा होता, आणि मीठ वाफेबरोबर जाईल की पातेल्यातच राहील यावर तो जसोदाशी कडाकडा भांडत होता.